चार दिवस सलग नकोत, एकाच गावात दोनदा जा

तासगाव तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं आहे: "नववीची चाळीस मुलं आहेत. यंदा संस्थेला नुसती मौजमजेची सहल नको. विज्ञान, संस्कृती आणि समाजसेवा तिन्ही असलेली चार दिवसांची अभ्याससहल हवी आहे. एका सहल कंपनीनं कार्यक्रम दिलाय. पहिला दिवस कास पठार, दुसरा महाबळेश्वर-पाचगणी, तिसरा वाई-मेणवली आणि चौथ्या दिवशी दुष्काळी भागातल्या एका शाळेत वह्यावाटप, भिंत रंगवणं, झाडं लावणं, शेवटी प्रत्येकाला प्रमाणपत्र. हा कार्यक्रम घ्यावा का? नसेल घ्यायचा तर काय करावं?"

मॅडम, ठिकाणं सगळी चांगली आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मुलं कासला फुलं बघणार, मेणवलीला घाट बघणार आणि चौथ्या दिवशी वह्या वाटणार. फुलांचा घाटाशी आणि घाटाचा वह्यांशी काय संबंध, हे त्यांना कुणी सांगणार नाही, कारण कार्यक्रम आखणाऱ्यानंही तो शोधलेला नाही. सातारा-सांगलीत शाळांच्या अभ्याससहली आखण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. माझा सल्ला असा: एकच प्रश्न धरा आणि तो घेऊन फिरा. आपल्या दोन जिल्ह्यांत तो प्रश्न पाण्याचाच असावा. पाणी कुठं पडतं, कुठं मुरतं, कुठं वाहून जातं, कुणाला मिळतं आणि कुणाला मिळू दिलं जात नव्हतं. दुसरं, चार दिवस सलग जाऊ नका. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवस आणि फेब्रुवारीत दोन दिवस जा, आणि दोन्ही वेळा मुक्काम त्याच गावात ठेवा.

दोनदा जाण्याचं एक कारण सरळ विज्ञानाचं आहे. विहिरीचं पाणी एकदा मोजलं तर वहीत एक आकडा येतो, त्यातून काही कळत नाही. तीच विहीर चार महिन्यांनी त्याच मुलानं मोजली की दोन आकड्यांतला फरक हाती येतो आणि त्या फरकात गावाचा सगळा हिवाळा असतो: किती शाळू (रब्बी ज्वारी) भिजला, किती मोटारी चालल्या, ओढ्यातल्या बंधाऱ्यानं किती काम केलं. दुसरं कारण माणसांचं. पहिल्या भेटीत मुलं पाहुणी असतात. हारतुरे होतात, सरपंच बोलतात, मुलं लाजतात. दुसऱ्या भेटीत कुणी हार घेऊन उभं नसतं, आणि मग खरं बोलणं सुरू होतं. सेवेचं जे काही खरं काम व्हायचं ते या दुसऱ्या भेटीतच होतं.

पहिला दिवस कासचा ठेवा. तासगावहून कराड-सातारामार्गे लांब पडतं, म्हणून पहाटे निघा. प्रवेशाचं बुकिंग आधी करा आणि शक्यतो सोमवार-मंगळवार निवडा. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा मिळाला त्यात कास आहे, इथं साडेआठशेहून जास्त जातींच्या सपुष्प वनस्पती नोंदलेल्या आहेत, हे सगळं फलकावर लिहिलेलं असतंच. मुलांना तिथं विचारायचा प्रश्न वेगळा आहे. एवढा पाऊस पडणाऱ्या सड्यावर, म्हणजे या कातळाच्या पठारावर, मोठं झाड का नाही? उत्तर पायाखाली आहे. वर जांभ्याचं कातळ, त्यावर बोटभर माती, आणि त्या मातीतलं नत्र पाऊस धुऊन नेतो. म्हणून तर इथल्या काही वनस्पतींनी कीटकांकडून नत्र मिळवायचा मार्ग धरला. दवबिंदूच्या पानावरच्या चिकट केसांत माशी अडकते, आणि सीतेच्या आसवांच्या मुळांशी असलेल्या बारीक फुग्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव ओढले जातात. निळ्या फुलांचा गालिचा बघून सगळे खूश होतात, पण तो गालिचा उपाशी जमिनीवर उगवलाय हे नववीच्या मुलाला कळलं की तो पुढं तासभर भिंग घेऊन हलत नाही. फूल तोडायचं नाही, वाट सोडायची नाही. बोटभर मातीवर चाळीस जोडी बूट पडले तर काय होतं, हे मुलांनाच सांगायला लावा. आसपासच्या गावांची संयुक्त वन व्यवस्थापन समिती पठार सांभाळते. तिथल्या मार्गदर्शकाला पैसे देऊन बरोबर घ्या. त्याला फुलांची गावाकडची नावं माहीत असतात आणि बऱ्याच वर्षांनी एकदाच फुलणारी टोपली कारवी कुठल्या वर्षी फुलली होती हेही.

परत येताना एक गोष्ट दाखवाच. सच्छिद्र जांभ्यात मुरलेलं पाणी खालच्या घट्ट थराशी अडतं आणि डोंगराच्या कुशीतून झऱ्यानं बाहेर येतं. कास तलावाचं पाणी सातारा शहर पितं. म्हणजे तो फुलांचा सडा हा पाण्याचाही साठा आहे.

दुपारी महाबळेश्वरकडं न वळता पूर्वेला चला. वाटेत लिंब गावात बारा मोटांची विहीर बघता येते. सातारच्या शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधलेली ही विहीर सुमारे तीनशे वर्षांची आहे, आणि पाणी काढण्यामागचं यंत्रशास्त्र एवढं उघडं दाखवणारी दुसरी जागा आपल्या भागात मला माहीत नाही. बैल उतारावर का चालवायचे, मोट भरून वर येताना आणि रिकामी खाली जाताना काय होतं, हे मुलांनी थारोळ्याशी, म्हणजे मोटेचं पाणी पडतं त्या कुंडाशी, उभं राहून कागदावर काढावं. काठाशी गर्दी करू देऊ नका, दहा-दहाच्या गटानं आत सोडा.

मग कोरेगाव, वर्धनगडाचा घाट, पुसेगाव आणि पुढं दुष्काळी माण तालुका. हा प्रवास झोपेत जाऊ देऊ नका. खिडकीतून दिसणारं पीक दर अर्ध्या तासानं लिहायला सांगा: भात, ऊस, मग सोयाबीन-घेवडा, मग बाजरी काढलेली रानं, शाळूसाठी पाळी घातलेली जमीन आणि मेंढरं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि माणमध्ये सरासरी पाचशेच्या आसपास. मधलं अंतर जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटर. पर्जन्यछाया हा भूगोलाच्या पुस्तकातला शब्द त्या एका दुपारी डोळ्यांसमोरून जातो.

गाव कसं निवडायचं? मोठं, बातम्यांत आलेलं गाव नको. तिथं बघे खूप येतात आणि लोकांची उत्तरं पाठ झालेली असतात. पाणी फाउंडेशनच्या, पाणी अडवण्याच्या कामांसाठीच्या २०१६ च्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत पहिलं आलेलं कोरेगाव तालुक्यातलं वेळू जरूर बघा, पण वाटेवरची तासाभराची भेट म्हणून. मुक्कामाला असं गाव धरा जिथं शाळेचे मुख्याध्यापक उत्साही आहेत, महिला बचत गट जेवण करायला तयार आहे आणि पाण्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. जिहे-कठापूर किंवा टेंभू उपसा योजनेचं पाणी आलेलं गाव असेल तर तोही उत्तम विषय आहे: कृष्णेचं पाणी विजेच्या पंपांनी टप्प्याटप्प्यानं वर चढवून पर्जन्यछायेत आणलंय, त्याचं बिल कुणी भरायचं, हा प्रश्न मुलांनी शेतकऱ्यांनाच विचारावा.

दुसऱ्या दिवसाचं मुख्य काम म्हणजे विहिरी. हे मी जरा सविस्तर सांगतो, कारण इथंच बहुतेक सहली ढिल्या पडतात. तुमच्या मुलांचे आणि गावातल्या शाळेच्या मुलांचे मिसळून गट करा, चार तुमचे आणि तीन-चार गावचे. वाट, मालक, कुत्री आणि विहिरीचा स्वभाव हे गावच्या मुलांना माहीत असतं, टेप कसा वाचायचा ते तुमच्यांना. मोजायचं सकाळी लवकर, मोटारी सुरू व्हायच्या आधी. मोटार चालू असली की पाणी खाली ओढलेलं असतं आणि आकडा फसवतो. विहिरीच्या कठड्यावर मालकाच्या परवानगीनं ऑइलपेंटची एक खूण करायची आणि तिथूनच वजन बांधलेला टेप सोडायचा, म्हणजे फेब्रुवारीत दुसरं माप त्याच जागेवरून घेता येतं. एकूण खोली, पाण्यापर्यंतची खोली, व्यास, मोटार किती हॉर्सपॉवरची, कुठलं पीक भिजतं, एवढं लिहायचं. टेप धरणार शिक्षक किंवा मालक. मूल वाचणार आणि लिहिणार. जिला कठडा नाही ती विहीर यादीत घ्यायचीच नाही, मग ती कितीही महत्त्वाची असो.

आकडे हाती आले की मुलांना कोडं पडतं. शेजारशेजारच्या दोन विहिरी, एकीत वीस फुटांवर पाणी आणि दुसरी कोरडी. असं का? आपल्या दख्खनच्या बेसाल्टात पाणी सलग पसरलेलं नसतं. वरचा मुरूम, त्याखालचे भेगाळलेले थर आणि दोन लाव्हा थरांमधले सांधे, यांत ते असतं. मध्ये काळा पाषाण आला की संपलं. एका विहिरीला सांधा लागला, दुसरीला नाही. इथंच गावातल्या पाणाड्यालाही, म्हणजे विहिरीसाठी पाण्याची जागा दाखवणाऱ्यालाही, बोलवा. त्याला खोटं पाडण्यासाठी नव्हे, ऐकण्यासाठी. तो जमिनीचा उतार, झाडोरा, जुन्या ओढ्याची दिशा यांबद्दल काय बोलतो ते मुलांनी टिपावं, आणि मग त्यानं दाखवलेल्या जागांवर पाणी लागलं किती वेळा, न लागलं किती वेळा, हे मालकांना विचारावं. विज्ञानाची पद्धत शिकवायला याहून चांगला धडा नाही, आणि त्या माणसाचा मानही राहतो.

दुपारी झाडाखाली बसून गणित करायचं. एक हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा लाख लिटर पाणी पडलं. गावाचं शिवार १,००० हेक्टर आणि पाऊस ४५० मिलिमीटर धरा: ४५० कोटी लिटर. आता गावाची लोकसंख्या २,००० धरा आणि माणशी रोज ५५ लिटर: वर्षाला चार कोटी लिटर. म्हणजे पडणाऱ्या पाण्याच्या एक टक्क्याहूनही कमी. हे उत्तर फळ्यावर आलं की वर्ग गप्प होतो आणि मग कुणीतरी विचारतंच, "मग उन्हाळ्यात टँकर का येतो?" त्या प्रश्नापर्यंत मुलांना नेणं हेच आपलं काम. पुढं उतार, माती, बाष्पीभवन, पिकाची निवड, बोअरची खोली, सगळं त्यातून निघतं. ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल समतल चराच्या (उताराला आडव्या खणलेल्या चराच्या) एका मीटरमध्ये १८० लिटर पाणी थांबतं, हेही त्यांना काढू द्या. ए-फ्रेमनं (A आकाराच्या लाकडी चौकटीनं) समपातळी रेषा आखायला तासाभरात येते.

संस्कृती म्हणून गावच्या लोकांना तुमच्यापुढं कार्यक्रम करायला लावू नका. रात्री भजनी मंडळ बसलं तर मुलांनी मागं बसून टाळ धरावा. धनगरांचा गजी ढोल असेल तर शिकावा, आणि तुमच्या मुलांनीही काहीतरी करून दाखवावं. पण पाण्याची संस्कृती याहून खोल आहे आणि ती टाळू नका. १९०१ च्या सुमारास, साताऱ्यात शिकणारे लहानगे भीमराव आपला भाऊ आणि बहिणीच्या मुलांबरोबर वडिलांकडं निघाले होते. वडील खटाव भागात दुष्काळी कामावर, तलावाच्या खोदकामावर, रोखपाल होते. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळताच स्टेशनमास्तरचा सूर बदलला, गाडीवाले मिळेनात. दुप्पट भाडं देऊन आणि गाडी स्वतः हाकून पोरं निघाली आणि रात्रभर त्यांना प्यायला पाणी मिळालं नाही. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. ज्या रस्त्यांवरून तुमची एसटी जाणार त्याच मुलखातली ही गोष्ट आहे. साताऱ्यातल्या शाळेत त्यांचं नाव दाखल झालं तो ७ नोव्हेंबर आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. ही हकीकत मुलांना विहिरीवर जाण्याच्या आदल्या रात्री सांगा. मग गावच्या म्हाताऱ्या माणसांना विचारता येतं की पूर्वी कोण कुठल्या आडावर पाणी भरायचं. कुणी बोलायला तयार नसेल तर खोदून विचारायचं नाही. बोललं तर मध्ये तोडायचं नाही. शिक्षक तिथं हजर हवेत, आणि कुणाच्या घरी जायचं हे गावच्या मुख्याध्यापकांशी आधी बोलून ठरवलेलं हवं.

आता सेवेबद्दल स्पष्ट बोलतो. वह्यावाटप करू नका. ज्या मुलांबरोबर तुमच्या मुलांनी विहिरी मोजल्या, त्यांनाच दुसऱ्या दिवशी रांगेत उभं करून वह्या दिल्या की बरोबरीचं नातं तिथंच तुटतं, आणि फोटोत कोण देणारा आणि कोण घेणारा हे कायमचं छापलं जातं. ऑक्टोबरात माणमध्ये लावलेलं झाड उन्हाळा काढत नाही, त्याला पाणी कोण घालणार? भिंतींना रंग हवा असेल तर गाव स्वतः देऊ शकतं. गावाला जे सहसा मिळत नाही ते म्हणजे नीट घेतलेली, दोन ऋतूंतली, एका नकाशावर मांडलेली मापं. ती तुमची मुलं देऊ शकतात. पण हेही मी इथं बसून ठरवू नये आणि तुम्हीही नाही. जून-जुलैत तुम्ही एकट्या गावात जा, सरपंच, ग्रामसेवक, मुख्याध्यापक आणि बचत गटाच्या बायकांना भेटा आणि विचारा की चाळीस मुलं दोनदा दोन दिवस येणार आहेत, तुमचं कुठलं काम अडलंय? कधी उत्तर येतं की मापं घ्या, कधी येतं की ग्रंथालयातली पुस्तकं नोंदवून द्या. जे सांगतील ते करायचं. अंगमेहनतीचं काम निघालं तर फारच छान. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू केली. पुढं त्यांच्या वसतिगृहांत सगळ्या जातींची मुलं एकत्र राबली, एकत्र जेवली. त्या श्रमात कुणावर उपकार नव्हते, स्वतःच्या शिक्षणाची किंमत स्वतः भरणं होतं. आपल्या मातीतली ही रीत मुलांना माहीत हवी. मुक्कामात ताटं घासणं, अंगण झाडणं, पाणी भरणं मुलगे-मुली दोघांकडं सारखं असू द्या.

फेब्रुवारीतला पहिला दिवस पुन्हा त्याच गावात. त्याच विहिरी, तीच खूण, तेच गट. संध्याकाळी चावडीत किंवा शाळेत मोठ्या कागदावर आलेख लावायचा आणि वाचून गावच्या मुलांनी दाखवायचा. कागद तिथंच राहील, तुमच्याकडं फक्त फोटो. १ मे च्या ग्रामसभेत पाण्याची चर्चा होते तेव्हा तो उपयोगी पडावा असा बनवा: विहिरींची नावं लोक म्हणतात तीच, आकडे फुटांत, अक्षर मोठं.

दुसऱ्या दिवशी घराकडं परतताना सांगली. माणमध्ये पाणी कमी पडतं, इथं तेच जास्त होऊन येतं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये नदी ५७ फुटांच्या वर गेली. एवढी उंची मुलांना कल्पनेत येत नाही, म्हणून शाळेची इमारत किती फूट आहे ते घरून मोजून आणायला सांगा. मग हरिपूर. कृष्णा-वारणेचा संगम आणि हळदीची पेवं. जमिनीत खोल खणलेल्या या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकते, कारण तोंड बंद केल्यावर आतला प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि कीड जगत नाही. नेमक्या याच कारणानं पेव उघडल्याबरोबर माणूस आत उतरला तर जिवावर बेततं. म्हणून ते आधी उघडून वारं खेळू देतात. मुलांनी वरूनच बघायचं, आत डोकावायलाही नाही. २००५ च्या महापुरात इथली कितीतरी पेवं पाणी शिरून कामातून गेली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती साठवण्याची ही पद्धत मात्र मागं पडत चालली आहे. त्यामागं व्यापार किती, पूर किती, गोदामं किती, हे हरिपूरच्या जुन्या लोकांकडून ऐका.

वेळ उरला तर मिरजेला सतारमेकरांच्या गल्लीत तासभर. पूर्वी शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात वाद्यं करायला घेतली. सतारीच्या मुख्य तारांखालची तरफेची तार न छेडता कशी वाजू लागते, हे अनुनादाचं प्रात्यक्षिक कुठल्याही प्रयोगशाळेत इतकं गोड होत नाही. आणि सतारीचा भोपळा भीमेकाठच्या मातीतून येतो, म्हणजे पाण्याचा धागा तिथंही सुटत नाही.

कोयनेचा मोह यंदा आवरा. १०५ टीएमसीचं (अब्ज घनफुटांचं) धरण, त्यातलं बरंच पाणी वीज करून पश्चिमेला वाशिष्ठीत जाणं, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप, जलाशयामुळं होणाऱ्या भूकंपांचा कराडच्या प्रयोगशाळेतून आणि तीन किलोमीटर खोल छिद्रातून चाललेला अभ्यास, आणि घरंदारं सोडून रायगड-सोलापूरपर्यंत पांगलेले धरणग्रस्त. हा स्वतंत्र वर्षाचा विषय आहे. अर्ध्या दिवसात उरकला तर त्या लोकांवर अन्याय होईल. पुढच्या वर्षी याच मुलांना, दहावीच्या आधीच्या मे महिन्यात, न्या.

व्यवस्थेचं थोडक्यात. प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडं जुलैतच द्या. दोन भेटी एकाच प्रस्तावात दाखवा आणि प्रत्येकीसाठी पालकांची वेगळी संमती घ्या. एसटीची शालेय सहलीची सवलत घ्या. दहा मुलांमागं एक शिक्षक, आणि मुलींबरोबर शिक्षिका. प्रत्येक मुक्कामाजवळच्या कुठल्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशावरचं प्रतिविष आहे याची आधी फोन करून खात्री करा. गड किंवा कडा असेल तिथं आग्या मोहोळाची चौकशी करा. अत्तर, डिओ आणि धूर बंद. नदीत, तलावात, विहिरीत कुणीही उतरणार नाही, पोहता येत असलं तरी. बचत गटाला जेवणाचे पैसे ठरवून निम्मे आगाऊ द्या, आणि त्यांनी सांगितलेला दर पाडू नका. बाजरीची भाकरी आणि मटकीची उसळ चाळीस जणांना दोन वेळा करणं हे कष्टाचं काम आहे. सहल कंपनीशी तुमचं बोलणं झालंच असेल तर त्यांच्याकडून फक्त कासचा दिवस घ्या. गावाशी बोलणं मात्र तुमचं तुम्हीच करा, आणि येत्या पंधरवड्यात मुख्याध्यापकांना पहिला फोन लावा, कारण पेरणीत गुंतण्याआधी गाव बोलायला मोकळं असतं.